गुह्य राखणारा मित्र : समाजमाध्यमे आणि आपली खाजगी माहिती

आपल्या वधू-वर सूचक केंद्राकडे उपवर मुला-मुलींच्या माहितीचे अर्ज येतात. आपण पत्रिका पाहत नाही, म्हणून त्यात जन्मवेळ व रास नसते. परंतु नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, नोकरीचे ठिकाण, पगार, वडिलांचा व्यवसाय, मामांचे गाव, घरचा पत्ता, भ्रमणध्वनी क्रमांक आणि फोटो एवढे सारे त्या एका कागदावर असते. पूर्वी हे अर्ज कार्यालयातील फाईलमध्ये असत. ज्यांना स्थळ पाहावयाचे ते पालक रविवारी येत, फाईल चाळत, दोन-चार नावे टिपून घेत आणि फाईल पुन्हा कपाटात जात असे.

आज तसे राहिलेले नाही. मुलीची मावशी चांगल्या हेतूने तो अर्ज व्हॉट्सॲपवरील नातेवाइकांच्या गटात टाकते. तेथून तो दुसऱ्या तालुक्यातील गटात जातो, तेथून तिसऱ्या जिल्ह्यात. मुलीचे लग्न होऊन वर्ष लोटते, तरी तिला अनोळखी माणसांचे फोन येतच राहतात. तिचा फोटो कोणाच्या भ्रमणध्वनीत आहे, तिचा पत्ता कोणाकोणाला ठाऊक आहे, हे ना तिला सांगता येते ना तिच्या मावशीला.

यात कोणी खोटे बोलले काय? नाही. अर्जातील प्रत्येक शब्द खरा होता. कोणाचा हेतू वाईट होता काय? बहुधा नव्हता. मग चूक कोठे झाली? या एका प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत. हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही, तो शीलाचाही आहे असे आम्हाला वाटते.

खाजगी म्हणजे काय?

खाजगी म्हणजे लपविण्यासारखे, लाजिरवाणे, असा आपल्याकडे एक समज आहे. 'आपण काही वाईट केलेले नाही, मग लोकांना कळले तर काय बिघडले?' असे आपण सहज म्हणतो. हा समज बरोबर नाही. स्वतःविषयी काय सांगावे, कोणाला सांगावे आणि केव्हा सांगावे हे ज्याचे त्याने ठरविणे, याला खाजगीपणा म्हणतात.

एक साधे उदाहरण घेऊ. आपला आजार डॉक्टरांना ठाऊक असतो, बँकेतील शिल्लक बँकेला ठाऊक असते, मुलाचे गुण त्याच्या शिक्षकांना ठाऊक असतात. यांपैकी कोणतीच गोष्ट गुप्त नाही. कोणाला तरी ती आपणच सांगितलेली असते आणि एका कामासाठी सांगितलेली असते. परंतु डॉक्टरांना सांगितलेला आजार कारखान्याच्या मालकाकडे पोहोचला तर नोकरी जाऊ शकते. बँकेतील शिल्लक भामट्याला कळली तर पैसे जाऊ शकतात. माहिती तीच, खरीच, पण जागा बदलली की तिचा परिणाम बदलतो. ज्या कामासाठी माहिती दिली त्या कामापुरतीच ती राहिली पाहिजे, हे खाजगीपणाचे मूळ सूत्र आहे. मुलीचा अर्ज सूचक केंद्राच्या फाईलमध्ये असणे योग्य होते. तोच अर्ज तीन जिल्ह्यांत तिच्या नकळत फिरणे अयोग्य होते.

सिगालाला केलेला उपदेश

समाजमाध्यमे नवी आहेत, परंतु दुसऱ्याची गोष्ट जपण्याचा विचार नवा नाही. राजगृहाजवळ वेळुवनात भगवान बुद्ध राहत असताना सिगाल नावाचा एक तरुण गृहस्थ भल्या पहाटे ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. भगवंतांनी त्याला सहा दिशांचा खरा अर्थ समजावून सांगितला. आई-वडील, गुरू, पत्नी-मुले, मित्र, सेवक आणि श्रमण यांच्याशी नीट वागणे म्हणजेच दिशांना वंदन करणे होय. दीघनिकायातील हे सिगालोवाद सुत्त गृहस्थांचा विनय म्हणून ओळखले जाते.

याच सुत्तात मित्र कोणाला म्हणावे याचे विवेचन आहे. सुखदुःखात समान राहणाऱ्या मित्राची चार लक्षणे तेथे सांगितली आहेत. तो आपले गुह्य मित्राला सांगतो, मित्राचे गुह्य राखतो, संकटात साथ सोडत नाही आणि प्रसंगी मित्रासाठी प्राणही देतो. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, मनातले सांगणे आणि ऐकलेले राखणे ही दोन लक्षणे शेजारी शेजारी आहेत. बोलूच नका, मन बंद ठेवा, असे भगवंत सांगत नाहीत. सांगण्यातून मैत्री होते आणि राखण्याने ती टिकते. समाजमाध्यमांनी पहिले लक्षण फार सोपे करून ठेवले आहे, दुसऱ्याची आठवण मात्र कोणी करून देत नाही.

पंचशिलातील चौथे शील आपण असत्य न बोलण्यापुरते समजतो. परंतु सम्यक वाचेत चहाडी आणि निरर्थक बडबड यांपासून दूर राहणेही येते. चहाडी पुष्कळदा खरीच असते, हे विसरून चालणार नाही. मज्झिमनिकायातील अभयराजकुमार सुत्तात तथागत केव्हा बोलतात याची कसोटी आली आहे. बोलणे खरे असावे, हितकारक असावे आणि त्याची वेळ योग्य असावी. म्हणजे 'खरे आहे म्हणून सांगितले' एवढे समर्थन धम्मात पुरेसे नाही. एखाद्या भगिनीचा घटस्फोट, एखाद्या मुलाचे नापास होणे, एखाद्या वडीलधाऱ्यांचा रुग्णालयातील फोटो, हे सर्व खरेच असते. ते गटात टाकण्याने त्यांचे हित होते काय, एवढा प्रश्न विचारला तरी अर्धे काम होईल.

पाकीट बंद, पण चावडी उघडी

आता यंत्राची बाजू थोडी समजून घेऊ. २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील संदेश पाठविणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत सांकेतिक रूपात जातात. वाटेत कोणालाही, खुद्द त्या कंपनीलाही, ते वाचता येत नाहीत. हे खरे आहे आणि उपयोगाचेही आहे. परंतु याचा अर्थ आपली गोष्ट सुरक्षित झाली असा नव्हे. लाखबंद पाकीट टपालवाल्याने उघडले नाही, पण ज्याच्या नावे पाकीट आले त्याने पत्र काढून चावडीवर चिकटविले, तर लाखेचा उपयोग काय? कुलूप वाटेवर आहे, मुक्कामावर नाही.

शिवाय हा मुक्काम लहान नाही. व्हॉट्सॲपच्या एका गटात १,०२४ जण असू शकतात आणि गटातील सभासदांना एकमेकांचे क्रमांक दिसतात. एका गटातील फक्त पाच जणांनी एखादा फोटो दोनशे-दोनशे माणसांच्या गटांत पुढे पाठविला, तर तो एका क्षणात हजार जणांकडे जातो. नंतर आपण मूळ संदेश पुसला तरी पुढे गेलेल्या प्रती पुसल्या जात नाहीत. 'स्टेटस' चोवीस तासांनी नाहीसे होते हे खरे, पण तेवढ्या वेळात कोणीही पडद्याचे छायाचित्र घेऊन ते ठेवू शकते.

दुसरी गोष्ट, आपली माहिती बहुधा आपल्या एकट्याची नसते. याचे बोलके उदाहरण २०१८ मध्ये उघडकीस आले. फेसबुकवरील एका प्रश्नावलीच्या ॲपमार्फत गोळा झालेली माहिती केंब्रिज ॲनालिटिका या निवडणूक-प्रचाराचे काम करणाऱ्या कंपनीपर्यंत पोहोचली होती. जगभरातील ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती तिच्याकडे गेली असावी, असे फेसबुकनेच सांगितले. भारतात हे ॲप केवळ ३३५ जणांनी घेतले होते. परंतु त्या काळच्या नियमांनुसार ॲपला त्यांच्या मित्रांचीही माहिती मिळत होती. त्यामुळे ज्यांनी ॲप पाहिलेसुद्धा नाही अशा आणखी ५ लाख ६२ हजार १२० भारतीयांची माहिती बाहेर गेल्याची शक्यता निर्माण झाली. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने खाजगीपणाच्या उल्लंघनाबद्दल फेसबुकला पाच अब्ज डॉलरचा दंड केला. दंड झाला, पण गेलेली माहिती परत आली नाही. ३३५ माणसांच्या एका बोटाच्या दाबण्याने साडेपाच लाखांवर माणसे उघडी पडतात, हा हिशेब प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. आपण आपल्या मित्रांच्या गुपितांचे राखणदार असतो, मग आपल्याला ते ठाऊक असो वा नसो.

बाबासाहेब आणि खाजगीपणाचा हक्क

हा हक्क पाश्चात्त्यांचे खूळ आहे असे म्हणणाऱ्यांनी इतिहास पाहावा. १९४७ मध्ये परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. आपण या निवेदनाचा उल्लेख राज्य समाजवादाच्या संदर्भात नेहमी करतो. परंतु त्यातील मूलभूत हक्कांच्या यादीत आणखी एक कलम आहे. नागरिकांची शरीरे, घरे, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती वा जप्ती होता कामा नये आणि सबळ कारणाशिवाय वॉरंट निघता कामा नये, असे त्या कलमाचे सार आहे. अमेरिकेच्या घटनेतील चौथ्या दुरुस्तीच्या धर्तीवर ते आहे. ज्यांच्या झोपडीला धड दार नव्हते, त्या माणसांच्या वतीने बाबासाहेब घराच्या आणि कागदपत्रांच्या सुरक्षिततेचा हक्क मागत होते.

हे कलम अखेर भारतीय संविधानात आले नाही. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायाधीशांच्या पीठाने, झडतीविरुद्ध असा हक्क संविधानात नसल्याचे म्हटले. १९६२ मध्ये खरकसिंग खटला आला. पोलीस रात्री-अपरात्री घरी येऊन दार ठोठावत असत. न्यायालयाने या रात्रीच्या भेटी रद्द केल्या, परंतु खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे बहुमताने मान्य केले नाही. त्यासाठी पुढे पंचावन्न वर्षे जावी लागली. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टास्वामी यांनी आधार योजनेसंबंधी दाखल केलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निर्णय दिला. खाजगीपणा हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे, असे ठरले. बाबासाहेबांच्या १९४७ च्या निवेदनाची दखलही त्या निकालात घेतली गेली.

त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने करण्याचे ठरले. माहिती घेताना ती कशासाठी हवी हे सांगावे, संमती घ्यावी, काम संपल्यावर ती पुसावी आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घ्यावी, ही त्याची मुख्य तत्त्वे आहेत. परंतु दोन गोष्टी वाचकांनी विशेष लक्षात ठेवाव्यात. एखाद्या व्यक्तीने आपल्या घरगुती किंवा वैयक्तिक कामासाठी माहिती वापरली तर हा कायदा लागू होत नाही. तसेच जी माहिती आपण स्वतःच्या हाताने जाहीर केली, तिलाही तो लागू होत नाही. म्हणजे मावशीने घरच्या गटात टाकलेल्या अर्जाला आणि आपणच उघड केलेल्या पत्त्याला या कायद्याचे संरक्षण नाही. जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथे शीलच राखण करू शकते.

आपली ओळख कोणी सांगावयाची?

आता आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वळू. काही तरुण आम्हाला विचारतात, 'खाजगीपणा राखा म्हणजे आम्ही जय भीम म्हणावयाचे नाही काय? जयंतीचे फोटो टाकावयाचे नाहीत काय?' आमचे उत्तर स्पष्ट आहे. अवश्य म्हणावे, अवश्य टाकावेत. बाबासाहेबांच्या लेकरांनी ओळख लपवून जगावे, असे सांगण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही.

परंतु स्वतःची ओळख स्वतः सांगणे आणि दुसऱ्याची ओळख त्याच्या नकळत सांगणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, तेव्हा लाखो माणसांनी त्या स्वतःच्या मुखाने उच्चारल्या. कोणाच्या वतीने दुसऱ्याने प्रतिज्ञा घेतली नाही. ज्याची ओळख त्याचाच उच्चार, हा धम्मदीक्षेचा संस्कार आहे.

शहरात खोली भाड्याने घेताना, नवीन नोकरीत रुजू होताना, वसतिगृहात राहताना आपल्यापैकी अनेकांना आडनावापासून चौकशीला तोंड द्यावे लागते. अशा ठिकाणी आपली ओळख केव्हा व कशी सांगावी हे तो मुलगा वा ती मुलगीच ठरवील. आपण मात्र अभिनंदनाच्या भरात त्याचे जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र किंवा प्रवर्गासह निवड यादी फोटो काढून गटात टाकतो, त्यावर महाविद्यालयाचे नाव लिहितो आणि त्याला 'टॅग' करतो. तो फोटो त्याच्या वर्गमित्रांपर्यंत जातो. पुढे जे सोसावयाचे ते त्याने एकट्याने सोसावयाचे असते. मुंबईच्या आयआयटीने २०२३ मध्ये विद्यार्थ्यांसाठी भेदभावविरोधी सूचना काढल्या. सहाध्यायांना प्रवेशाचा प्रवर्ग किंवा प्रवेश परीक्षेतील क्रमांक विचारणे अनुचित आहे, असे त्यांत स्पष्ट केले. जो प्रश्न इतरांनी विचारू नये म्हणून सूचना काढावी लागते, त्याचे उत्तर आपणच कौतुकाने चव्हाट्यावर मांडावे काय?

दानाचा फोटो

येथे आम्हाला आमच्याच चुकीबद्दल लिहिले पाहिजे. काही वर्षांपूर्वी संस्थेने गरजू विद्यार्थ्यांना शैक्षणिक मदत मंजूर केली. नावे व खाते क्रमांक बरोबर आहेत की नाहीत हे पालकांनी तपासावे, म्हणून आम्ही संपूर्ण यादी सभासदांच्या गटात टाकली. यादीत विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता, पालकांचा भ्रमणध्वनी, बँक खाते क्रमांक आणि मंजूर रक्कम होती. आठवड्याच्या आत एका विद्यार्थ्याच्या आईला फोन आला. 'संस्थेची मदत जमा होत नाही, तुमच्या फोनवर आलेला ओटीपी सांगा.' ही माउली चार घरची धुणीभांडी करते. तिने क्रमांक सांगितला आणि साठवलेले अठरा हजार रुपये गेले.

कार्यकारिणीने वर्गणी काढून ती रक्कम भरून दिली. परंतु ती बाई आम्हाला जे म्हणाली ते आम्ही विसरलो नाही. ती म्हणाली, "त्याला माझ्या पोराचं नाव ठाऊक होतं, इयत्ता ठाऊक होती. मला वाटलं, तो आपल्यातलाच आहे." भामट्याने तिचा विश्वास चोरला तो आम्ही उघड्यावर ठेवलेल्या कागदाच्या जोरावर. ज्यांच्या कल्याणासाठी संस्था काढली, त्यांचेच दार आम्ही उघडे टाकले होते.

त्या दिवसापासून आम्ही आणखी एका गोष्टीचा विचार करू लागलो. २०२० च्या टाळेबंदीत आपण धान्यवाटप केले, ते निश्चितच चांगले काम होते. परंतु पिशवी घेणाऱ्या प्रत्येकाचा फोटो आपण काढला. देणारे कार्यकर्ते हसत होते आणि घेणाऱ्याची मान खाली होती. देणगीदारांना हिशेब हवा असतो, हे मान्य. पण हिशेब पावतीने आणि नोंदवहीने देता येतो, त्यासाठी माणसाचा चेहरा लागत नाही. आज पिशवी घेणाऱ्या बापाचा फोटो उद्या त्याच्या मुलाच्या वर्गात फिरला, तर आपण धान्य दिले आणि मान काढून घेतली असे होईल. धम्मात दान हे देणाऱ्याची तृष्णा कमी करण्यासाठी आहे, घेणाऱ्याचा स्वाभिमान कमी करण्यासाठी नाही.

विद्यार्थ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी

विद्यार्थी मित्रांनो, पुढील गोष्टी लहान आहेत, परंतु त्या पाळल्या तर पुष्कळ त्रास टळतो.

गुणपत्रिका किंवा परीक्षेचे प्रवेशपत्र समाजमाध्यमावर टाकू नका. दहावी-बारावीचा ऑनलाइन निकाल बैठक क्रमांक आणि आईचे नाव यांवर पाहता येतो, आणि ही दोन्ही त्या कागदावर असतात. आनंद कळवावयाचा तर शब्दांत कळवा.

आधार कार्डाची प्रत कोठे द्यावी लागली तर जेथे चालत असेल तेथे झाकलेल्या क्रमांकाची प्रत द्या. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ती मिळते आणि तिच्यावर शेवटचे चारच अंक दिसतात. बोटांचे ठसे व डोळ्यांची ओळख कुलूपबंद करण्याची सोयही तेथेच आहे.

व्हॉट्सॲपमध्ये आपला फोटो कोणाला दिसावा आणि आपल्याला गटात कोणी घ्यावे हे ठरविता येते. दोन्ही ठिकाणी 'फक्त माझे संपर्क' निवडा. सहा अंकी गुप्त क्रमांकाची दुहेरी पडताळणी सुरू करा. ओटीपी कोणालाही सांगू नका, समोरचा तुमचे नाव, इयत्ता आणि संस्था बरोबर सांगत असला तरीही.

सहा डिसेंबरला चैत्यभूमीला किंवा अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीला सहकुटुंब निघालात तर फोटो परतल्यावर टाका. घर चार दिवस रिकामे आहे ही बातमी आधी देण्याचे कारण नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दुसऱ्याचा फोटो वा माहिती टाकण्यापूर्वी त्याला विचारा. लहान मुलांच्या बाबतीत तर त्यांच्या आई-वडिलांना विचाराच. शिवाय हे मूल उद्या मोठे होऊन हा फोटो पाहील तेव्हा त्याला काय वाटेल, याचाही विचार करा.

एवढे करूनही काही विपरीत घडले तर घाबरू नका आणि गप्प बसू नका. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबविण्याची शक्यता अधिक असते. इतर तक्रारी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात करता येतात. महिला व बालकांविषयीच्या तक्रारी या पोर्टलवर नाव न सांगताही नोंदविता येतात. दुसऱ्याच्या नावाने किंवा पासवर्डने फसवणूक करणे, तसेच कोणाच्या खाजगी अवयवांचे चित्र संमतीवाचून काढणे वा पसरविणे हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-क, ६६-ड आणि ६६-ई या कलमांखाली तीन वर्षांपर्यंत कारावासास पात्र गुन्हे आहेत. समाजमाध्यमावर जातीवरून अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होऊ शकतो. इंटरनेटवर जाहीर झालेला अपमान हा लोकांसमक्ष झालेला अपमान ठरतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. पुरावा म्हणून संदेशाचे पडद्यावरील छायाचित्र, तारीख आणि क्रमांक जपून ठेवा. एखाद्या मुलीच्या फोटोचा गैरवापर झाला, तर 'तू फोटो काढलाच कशाला?' हा प्रश्न घरच्यांनी विचारू नये. विश्वास ठेवणारा दोषी नसतो, विश्वास मोडणारा दोषी असतो.

राहुलाचा आरसा

भगवान बुद्धांनी अंबलट्ठिका येथे राहुलाला केलेला उपदेश प्रसिद्ध आहे. सम्राट अशोकानेही बैराटच्या शिलालेखात भिक्षू व उपासकांनी मनन करावयाच्या धम्मग्रंथांत त्याचा उल्लेख केला आहे. आरसा जसा पाहण्यासाठी असतो, तसे प्रत्येक कर्म पुन्हा पुन्हा पाहून करावे असे भगवंत राहुलाला सांगतात. करण्यापूर्वी पाहावे, करताना पाहावे आणि केल्यानंतरही पाहावे. याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना पीडा होते काय? होत असेल तर ते करू नये, सुरू असेल तर थांबवावे आणि झालेले असेल तर जाणत्या माणसांपुढे कबूल करून पुढे सावध राहावे.

आम्ही वर आमची चूक लिहिली ती याच तिसऱ्या पायरीसाठी. आता पहिली पायरी पाळावयाची म्हणून संस्थेने तीन नियम ठरविले आहेत. मदत घेणाऱ्याचा चेहरा प्रसिद्ध करावयाचा नाही. कोणतीही यादी गटात टाकावयाची नाही, ज्याची माहिती त्यालाच कळवावयाची. वधू-वर अर्ज कार्यालयातच पाहावयास मिळतील, भ्रमणध्वनी क्रमांक मुला-मुलीची संमती घेऊनच दिला जाईल आणि लग्न जमल्यावर अर्ज परत केला जाईल. कपाटातील ती जुनी फाईल आम्ही पुन्हा बाहेर काढली आहे. काही सभासद म्हणतात, याने काम मंदावेल. मंदावेल हे खरे. परंतु आपल्या मुलीचा फोटो कोठे आहे हे तिच्या आईला सांगता येईल.

सभासद बंधू-भगिनींना आमची एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी कोणाची गोष्ट पुढे पाठविण्यासाठी बोट उचलाल, तेव्हा क्षणभर थांबा आणि ती गोष्ट ज्याची आहे त्याचा चेहरा आठवा. त्याने ती आपल्याला मित्र समजून सांगितली होती. भगवंतांनी सिगालाला ज्या मित्राची ओळख करून दिली, तो मित्र आपण होऊ या.

जय भीम! नमो बुद्धाय!